शाळा ते एसटी स्टँड, चालत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. घड्याळाकडे बघून जे वगळलं होतं, ते एक-दोन ठिकाणी इथं भरून काढलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या कामातलं काहीतरी सांग. पण पंचवीस मिनिटांत, आणि जेवणाच्या आधी." आमटीचा वास इथंपर्यंत येतोय, म्हणजे मला किती वेळ आहे ते कळलं.

माझं सगळं आयुष्य नगररचनेत गेलं. नगररचनावाला म्हटलं की लोकांना दोनच प्रश्न सुचतात: एनए कधी होणार आणि एफएसआय किती मिळणार. सकाळपासून चहाच्या रांगेत तिघांनी मला कोपऱ्यात घेऊन हेच विचारलं. नावं सांगत नाही, तिघंही पुढच्या रांगेत बसलेत.

निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे मी एक वेगळं काम धरलं. छोट्या गावांच्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत जे तरुण अभियंते येतात, त्यांना मी शिकवतो. विषयाचं इंग्रजी नाव फॉर्म-बेस्ड कोड. मराठीत मी त्याला 'रूपनियम' म्हणतो. कुणाला याहून चांगला शब्द सुचला तर सांगा, मराठीच्या बाई समोरच आहेत. मुद्दा असा की जागेवर काय चालतं, राहणं की दुकान की कारखाना, याचे नियम करण्याआधी इमारत रस्त्याशी कशी उभी राहते याचे नियम करायचे. ती रस्त्याला लागून आहे की मागं सरलेली? तिचं तोंड रस्त्याकडं आहे की पाठ? तळमजल्याला दार-खिडकी आहे की नुसती भिंत? उंची शेजाऱ्याशी जुळते का? एवढं नीट ठरलं की आत आज दुकान, उद्या दवाखाना आणि परवा राहतं घर झालं तरी रस्ता बिघडत नाही.

आता हे शिराळकरांना सांगायचं म्हणजे मोरणेला पाणी नेऊन दाखवण्यासारखं आहे. आपली जुनी घरं आठवा. रस्त्याला लागून काळ्या दगडाचा कट्टा, कट्ट्यामागं सोपा, सोप्यामागं माजघर, मग स्वयंपाकघर, पाठीमागं परडं. वर मंगळुरी कौलं आणि पुढं आलेली वळचण, कारण इथला पाऊस तिरका येतो. सोप्यात कुणाचं शिलाई मशिन, कुणाचं किराणा दुकान, कुणाची भाताची पोती. वापर बदलला, घर तेच राहिलं. कुणाला परवाना काढावा लागला नाही. हे नियम कागदावर नव्हते, गवंड्याच्या हातात आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात होते. एखाद्यानं कट्टा चार बोटं पुढं घेतला की शेजारचा म्हातारा विचारायचा, "का रं, रस्ता सासऱ्यानं दिलाय का?"

मग कागदावरचे नियम आले. ते का आले हेही सांगायला हवं, नाहीतर मी जुन्याच्या नावानं गळा काढतोय असं वाटेल. कारखान्याचा धूर लोकांच्या घरात जात होता. प्लेग झाले. घरं अंधारी आणि ओली होती, क्षयाची माणसं त्याच माजघरात झोपायची. म्हणून जगभर असं ठरलं की वापर वेगळे करा, घरं इकडं, कारखाने तिकडं, बाजार तिसरीकडं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२६ साली न्यायालयानं असे विभाग पाडायला मान्यता दिली. भूमितीचा आणि या युक्लिडचा संबंध नावापुरता. आमच्या गणिताच्या सरांनी खूश होऊ नये. आपल्याकडं त्याच्याही आधी, १९१५ साली मुंबई प्रांताचा नगररचना कायदा झाला, देशातला पहिला. आजचा आपला कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम.

रोग गेला, पण औषध चालूच राहिलं. वापर इतके वेगळे झाले की दुधाच्या पिशवीला गाडी काढावी लागू लागली. गाडी आली म्हणून रस्ता रुंद केला, रस्ता रुंद झाला म्हणून गाडी जोरात आली, आणि गाडी जोरात आली म्हणून पोरांना चालत पाठवायला आई-बाप घाबरू लागले.

अमेरिकेतच याला पहिला मोठा विरोध झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात समुद्रकाठी सीसाइड नावाचं छोटं गाव नव्यानं वसवलं. आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क हे नवरा-बायको त्याचे रचनाकार. सगळ्या गावाची बांधकाम नियमावली त्यांनी एका मोठ्या कागदावर बसवली, तीही चित्रांत. आणि त्या नियमांत एक सक्ती होती ती ऐकून मला हसूच आलं: घराला रस्त्याकडं ओसरी पाहिजे. म्हणजे आपण जो सोपा पाडून शटर लावलं, तो तिकडं कायद्यानं सक्तीचा झाला! अर्थात सीसाइड पुढं श्रीमंतांचं सुट्टीचं गाव झालं. 'द ट्रुमन शो' हा सिनेमा तिथं काढला, त्यात ते गाव इतकं नीटनेटकं आहे की नायकाला पळून जावंसं वाटतं. म्हणून सीसाइडचं कौतुक बेतानंच करावं. पण २००९ मध्ये मायामीसारख्या मोठ्या शहरानं आपली सगळी जुनी नियमावली काढून या पद्धतीची घेतली, तेव्हा हे नुसतं सुट्टीच्या गावाचं खूळ नाही हे पटलं.

हे शिकवायला तिकडं २००४ साली एक संस्था निघाली. तिचे तीन पाठ. पहिल्यात ओळख, दुसऱ्यात आरेखन, तिसऱ्यात मंजुरी आणि अंमल. मला त्यातला तिसरा पाठ सगळ्यात मोलाचा वाटला, कारण चित्र काढणं सोपं, पण उद्या काउंटरवर बसलेल्या कनिष्ठ अभियंत्यानं ते वाचून हो किंवा नाही म्हणायचं असतं. माझा अभ्यासक्रम मी या तिघांवर बेतला. त्याच्या आधी मात्र एक चौथा पाठ जोडला, आणि तोच पहिला ठेवला.

त्या पाठात मी संगणक बंद करायला लावतो. तिघांच्या एका गटाला एक टेप, एक खडू आणि एक वही. गावातल्या बऱ्या वाटणाऱ्या एका रस्त्यावर जायचं. भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंदी मोजायची. कट्टा किती पुढं, किती उंच? वळचण किती बाहेर? शंभर मीटरमध्ये दारं किती? सावली कुठं, किती वाजेपर्यंत? माणूस कुठं थांबतं? मग न आवडणाऱ्या रस्त्यावर जाऊन हेच करायचं. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. मी काही शिकवावं लागत नाही.

दारं मोजणं हे सगळ्यात महत्त्वाचं. डेन्मार्कचे यान गेल यांनी आयुष्यभर रस्त्यावरची माणसं मोजली. त्यांच्या हिशोबात शंभर मीटरला पंधरा-वीस दारं असली की रस्ता जिवंत राहतो. आपल्या जुन्या पेठांत एकेका घराचं तोंड इतकं अरुंद असतं की एवढी दारं सहज भरतात. आणि जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं की रस्त्याची राखण घरांतून आणि दुकानांतून बघणारी माणसं करतात, पोलीस नंतर येतात. आपल्यापैकी कितीजण शाळा बुडवून बाजारातून निघाले आणि घरी पोचण्याआधी बातमी पोचली, हे मी काय सांगू!

आता तुम्ही म्हणाल, अमेरिका, डेन्मार्क, आपल्याकडं काय? आपल्याकडं आहे, आणि तुमच्यापैकी अर्ध्यांनी ते पाहिलंय. शिराळा तालुक्यातल्या दर दोन घरांमागं एक माणूस मुंबईला असायचं. गिरणीत, माथाडीत, फोर्टातल्या ऑफिसात. माझे चुलते फोर्टात कामाला होते. ते सांगायचे, व्हीटीला उतरलं की पावसात छत्री न उघडता फ्लोरा फाउंटनपर्यंत जाता येतं. ते कसं? दादाभाई नौरोजी रोडच्या, तेव्हाच्या हॉर्नबी रोडच्या, दोन्ही बाजूंच्या इमारती नीट बघा. एक गॉथिक, एक ग्रीक धाटणीची, एक पारशी शेटजींच्या हौसेची. कुणाचं कुणाशी जुळत नाही. पण सगळ्यांच्या तळाला कमानींचा चालण्याचा मार्ग आहे आणि तो एका इमारतीतून दुसरीत सरळ जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनं तिथं बांधणाऱ्यांवर तशी सक्ती केली होती. वर काय करायचं ते करा, खाली माणसाला सावलीतून चालू द्या. रूपनियम म्हणजे याहून वेगळं काही नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारती एका उंचीत उभ्या आहेत, तोही योगायोग नाही.

आणि गंमत पुढं आहे. या अमेरिकन मंडळींची एक आवडती आकृती आहे: रानापासून पेठेपर्यंत सहा पायऱ्या. जंगल, शेती, गावाची कड, मध्यम वस्ती, दाट वस्ती, पेठ. प्रत्येक पायरीचे नियम वेगळे. जे पेठेत शोभतं ते कडेला शोभत नाही. ही कल्पना त्यांनी ज्यांच्यावरून घेतली ते पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा एक छेद काढला होता. वर लाकूडतोड्या, शिकारी, मग मेंढपाळ, मग शेतकरी, खाली माळी आणि कोळी. प्रत्येकाचं काम जमिनीनं ठरवलेलं आणि कामानं त्याची वस्ती ठरवलेली.

हे गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आपले मालवणचे घुर्ये त्यांचेच विद्यार्थी, तेच पुढं त्या खुर्चीवर बसले. म्हणजे जी गोष्ट आमचे अभियंते आज परदेशी म्हणून शिकतात, तिचा गुरू मुंबईत शिकवत होता.

गेडिस इकडं आले असते तर त्यांना आनंद झाला असता असं मला नेहमी वाटतं. आपल्याच वारणेचा छेद काढा. वर चांदोलीचं जंगल, खाली धनगरवाडे, मग आपली भाताची खाचरं, आपली मोरणा वारणेला मिळते, पुढं ऊस, पुढं हळद आणि शेवटी हरिपूरला वारणा कृष्णेत जाते तिथं सांगलीची पेठ. भूगोलाच्या सरांनी आपल्याला सहलीला हेच दाखवलं होतं. आपण त्या वेळी चिंचा पाडत होतो.

गेडिस यांची दुसरी गोष्ट इंदूरची. होळकरांच्या इंदुरात प्लेग होता. दरबारानं गेडिसना बोलावलं. त्यांनी पाहिलं की सणाला मिरवणूक निघते आणि ती कुठल्या रस्त्यानं जाणार याकडं सगळ्या गावाचं लक्ष असतं. त्यांनी जाहीर केलं की यंदाच्या दिवाळीची मिरवणूक, जिथली घरं लोकांनी सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त केली असतील त्या रस्त्यानं जाईल. गाव झाडून निघालं. मिरवणुकीत एक मोठा थोरला उंदीर काढला होता, प्लेगचा. त्यांचा इंदूरचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला, पण तो न वाचलेल्यांनाही हा उंदीर माहीत असतो.

हे वाचताना मला आपली नागपंचमी आठवली. २०१४ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचं सगळं बदललं. त्या विषयात मी शिरत नाही, नाहीतर जेवण राहील. पण त्या दिवसाची एक गोष्ट कुणी बोलत नाही. त्या दिवशी गावातला रस्ता चालणाऱ्यांचा असतो. मुंबईकर येतात, लेकी येतात, म्हातारी माणसं कट्ट्यावर बसून बघतात, पोरं बापाच्या खांद्यावर. वर्षाचा एक दिवस आपण दाखवून देतो की हा रस्ता किती माणसं सामावू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की गाव अडतं. पुण्यानं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन सुरू केला. त्याचं वर्तमानपत्रात कौतुक होतं, व्हायलाही हवं. आपण ते पिढ्यान्‌पिढ्या करतोय, फक्त त्याला नाव दिलं नाही.

आता जरा अवघड भाग.

मी हे सगळं शहाणपण सुरुवातीपासून घेऊन आलो नव्हतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका तालुक्याच्या गावी होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या पेठेच्या नकाशावर रुंदीकरणाची लाल रेघ मी स्वतः मारली होती. वरून आदेश होता हे खरं, पण पट्टी आणि पेन माझ्या हातात होतं. मला त्या वेळी ती रेघ फार सरळ आणि सुंदर वाटली होती. त्या रेघेत सत्तरेक घरांचे कट्टे आणि सोपे गेले. तीन लिंब गेले. मोबदला कागदोपत्री नियमानं झाला.

पाडापाडीच्या दिवशी मी हजर होतो. एका कासार आजींचं दुकान होतं, सोप्यातच. बांगड्यांचे जुडगे त्यांनी परड्यात नेऊन ठेवले होते. त्या भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. माझ्याजवळ येऊन विचारलं, "साहेब, रस्ता मोठा हुईल, बरं हुईल. पण बाया बांगड्या भरायला बसत्याल कुठं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. नकाशात बसण्याला चिन्ह नसतं.

बारा-पंधरा वर्षांनी कामानिमित्त त्या गावी पुन्हा गेलो. मुद्दाम पेठेतून चालत गेलो. जेवढी जागा आम्ही मोकळी केली होती तेवढ्या जागेत मोटरसायकली आडव्या लावलेल्या. गाड्यांना जायला वाट होती तेवढीच उरली होती, फक्त आता त्या जोरात जात होत्या. पोरं रिक्षात कोंबून शाळेला चालली होती. अर्ध्या कापलेल्या घरांच्या जागी तीन मजली इमारती. नियमानं पार्किंग आत हवं, म्हणून तळमजल्याला खांब आणि लोखंडी जाळी. जाळीमागं अंधार. कासार आजींच्या जागीही तशीच जाळी होती. शंभर मीटरला दारं किती, हे मोजायचं मी तेव्हा शिकलो नव्हतो, तरी ते मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यात त्या घरमालकांची चूक नाही. नियमच तसे होते. पुढं इतकी जागा सोडा, आत इतक्या गाड्या बसवा, खांबांवरचा पार्किंगचा मजला एफएसआयमध्ये धरत नाही. असं म्हटल्यावर कुणीही व्यवहारी माणूस जाळीच लावणार. चित्र कुणी काढलं नव्हतं. आकडे दिले आणि आकड्यांतून जे उगवलं ते गाव.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. बृहन्मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडली तर सगळ्या राज्याला एकच पुस्तक. यानं फायदा झाला, खोटं बोलणार नाही. पूर्वी प्रत्येक गावाची नियमावली वेगळी, आणि कुठला नियम कुठल्या कपाटात हे एकाच कारकुनाला माहीत. आता ते संपलं. पण पुण्याच्या बाणेरला जे पुस्तक तेच शिराळ्याला, याचा अर्थही ध्यानात घ्या. गावठाणासाठी त्यात वेगळ्या तरतुदी आहेत, तरी पुस्तकाला हे माहीत नाही की आपल्याकडं पाऊस तिरका येतो.

मग आपल्या हातात काय आहे? माझे विद्यार्थी हाच प्रश्न विचारतात, थोडा चिडूनच. मी त्यांना १९६६ च्या कायद्याचं कलम २२ उघडायला लावतो. विकास योजनेत काय काय असू शकतं याची तिथं यादी आहे. रस्ते, शाळा, बागा, पाणी हे सगळ्यांना पाठ असतं. यादीच्या शेवटाकडं कुणी जात नाही. तिथं म्हटलंय की एखाद्या ठरावीक क्षेत्रातल्या इमारतींची जागा, संख्या, आकार, उंची, मजले आणि स्वरूप यांवर योजनेत अटी घालता येतात. स्वरूप! तो शब्द १९६६ पासून तिथं बसून आहे. अमेरिकेत ज्यासाठी नवे कायदे आणि नव्या संस्था काढाव्या लागल्या, त्याला जागा आपल्या कायद्यात आधीच आहे. कुणी ती वापरायला मागितली तर. अशा अटींना शासनाची मंजुरी लागते, वेळ लागतो, पाठपुरावा लागतो. पण कायद्यात नाही हे उत्तर चालणार नाही.

आणि शिराळ्याला आता नगरपंचायत आहे. विकास योजना हा नगरपंचायतीचा विषय आहे, आणि ती एकदा झाली की वीस वर्षं तिच्याखाली राहायचं असतं. प्रारूप प्रसिद्ध होतं, ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवतात. माझ्या अनुभवात त्या नव्वद टक्के एकाच प्रकारच्या येतात: माझ्या प्लॉटवरचं आरक्षण उठवा. रस्त्यावर माणसाला चालता येईल का, दारं उघडी राहतील का, याबद्दलची सूचना मी सगळ्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. त्या आल्या असत्या तर माझ्यासारख्या रेघ मारणाऱ्याच्या हाताला थोडा अडथळा झाला असता.

मी काय मागा म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. जुन्या पेठेत नवं घर बांधताना ते रस्त्याच्या ओळीतच यावं, मागं सरून पुढं गाडी लावायला जागा नको. तळमजल्याला रस्त्याकडं खरं दार आणि खिडकी हवी. गाडी आत घ्यायचीच तर बाजूच्या बोळातून किंवा चार घरांची मिळून एका जागी. वळचण किंवा सज्जा इतका बाहेर की खालून जाणारा भिजू नये. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. दुखऱ्या गुडघ्याला गुडघाभर उंचीचा पदपथ चढायला सांगू नका. आता आपल्या बॅचला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. जिथं पदपथ बसतच नाही अशा बोळात पदपथ घालूच नका, गाडीचा वेग कमी करा, सगळ्यांनी एकाच फरशीवरून चाला.

एक गोष्ट मात्र कट्ट्याच्या प्रेमात पडून विसरू नये. आपल्या लहानपणी त्या कट्ट्यांवर कोण बसायचं? सगळे नाही. काही पोरं आपल्याबरोबर शाळेत एका बाकावर बसायची आणि बाजारातून जाताना कट्ट्याला टेकत नसायची. त्यांची वस्ती वेशीबाहेर होती आणि तिकडच्या रस्त्याला तेव्हा खडीही नव्हती. बायका तर रस्त्यावरच्या कट्ट्यावर दुपारी, गडीमाणसं शेतात असतानाच. रूपनियमानं हे आपोआप सुटत नाही. पण नियम लिहिताना पहिलं मोजमाप पेठेत घ्यायचं की त्या वस्तीच्या रस्त्यावर, हे आपल्या हातात असतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना टेप घेऊन आधी तिकडं पाठवतो. एका मुलानं विचारलं, "सर, तिथं मोजण्यासारखं काय आहे?" त्याला म्हटलं, तू मोजून ये, मग आपण बोलू. तो आला आणि म्हणाला, तिथं दारं सगळ्यात जास्त आहेत, दिवे नाहीत. त्याच्या आराखड्यात त्यानं पहिला खर्च दिव्यांवर टाकला.

मी काल संध्याकाळी आलो. सामान ठेवून शाळेच्या फाटकापासून एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, आपण रोज जायचो तसा. वाटेत दोनदा गटाराच्या फरशीवर चढलो, एकदा ट्रॅक्टरला वाट द्यायला एका दुकानात शिरलो. दुकानदारानं ओळखलं नाही, पण म्हणाला, "या की, वाईच बसा." खुर्ची दिली. त्याच्या दुकानापुढं कट्टा अजून आहे, दगडी, मधोमध झिजलेला. तो म्हणाला, पोरगा पुढच्या वर्षी घर पाडून बांधणार आहे. मी विचारलं, कट्ट्याचं काय? तो हसला. "ते इंजिनिअर ठरविल."

तर तो इंजिनिअर कोण आहे ते शोधून काढायचंय, आणि त्याला भेटायचंय. हे माझं या गावातलं पुढचं काम.

उद्या रविवार आहे. ज्यांची परतीची गाडी दुपारची आहे त्यांनी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकाशी यावं. मी दोन टेप आणलेत, तीस मीटरचे. खडूची पेटी मुख्याध्यापक देतो म्हणालेत. शाळेची आठवी-नववीची काही पोरं येणार आहेत, त्यांच्याबरोबर एकेक म्हातारा जोडून देऊ. एकानं टेप धरायचा, एकानं लिहायचं. फाटकापासून स्टँडपर्यंत दारं मोजू, कट्टे मोजू, सावली मोजू, दिवे मोजू, गटारावरची फुटकी फरशी कुठं ते लिहू. मग तिथनं वळून, वस्तीच्या रस्त्यानं परत. वही नगरपंचायतीत देऊ आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी त्या दुकानदाराच्या कट्ट्यावर बसून माणसं मोजावीत, तेही काम आहे. चहा माझ्याकडून. आणि आता संयोजक उठून उभे राहिलेत, म्हणजे पानं वाढली.